बेड नऊचं गाणं

माझ्या मामेसासऱ्यांइतका मेलेल्या माणसांच्या संगतीत सुखाने रमलेला माणूस मी अख्ख्या टेक्सासमध्ये दुसरा पाहिलेला नाही. ते माझ्या सासूबाईंचे मामेभाऊ. पन्नासेक वर्षांपूर्वी पुण्याहून डॉक्टर होऊन इकडे आले, छातीच्या विकारांत तज्ज्ञ झाले आणि कापसाच्या शेतांनी वेढलेल्या एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलात त्यांनी तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर मामींच्या हट्टाखातर प्लेनोला, आमच्या घरापासून चार सिग्नल लांब राहायला आले. पुढे मामी गेल्या. मामा एकटे राहिले असं आम्ही म्हणतो, पण त्यांच्या घरी एकदा जाऊन आलेला कोणी तसं छातीठोकपणे म्हणू शकेल असं मला वाटत नाही.

इतर लोक माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात, मामा श्वास लक्षात ठेवतात. मी फोन केला की माझ्या हॅलोच्या आधीच तिकडून येतं, "सूनबाई, जिना चढून आलीस. डावी नाकपुडी बंद आहे. वाफ घे." रविवारी आमच्याकडे जेवून माझ्या नवऱ्याला सोफ्यावर डुलकी लागते, तेव्हा मामा शेजारी खुर्ची ओढून हातात घड्याळ धरून बसतात आणि तो जागा झाला की त्याला आकडा सांगतात. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत, आरती ऐन रंगात आली असताना, ते शेजारी उभ्या असलेल्या एका अनोळखी गृहस्थांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "उजवीकडे, खालच्या भागात. या आठवड्यात एक्स-रे काढून घ्या." त्या गृहस्थांचा चेहरा कापरासारखा पांढरा पडला. एक्स-रे निघाला, उजवीकडे खालच्या भागात जे निघायचं ते निघालं, वेळेवर निघाल्यामुळे गृहस्थ बरे झाले आणि पुढच्या वर्षी मामांसाठी पेढे घेऊन आले. पण तेव्हापासून आरतीला मामांच्या शेजारी जागा आली की भलेभले श्वास रोखून धरतात. "मूर्ख आहेत," मामा म्हणतात. "रोखून धरला की मला जास्तच कळतं."

गाण्यांचं प्रकरणही या श्वासातूनच निघालं. मामांच्या त्या गावात राहणारे बहुतेक शेतकरी मोराव्हियन वंशाचे. मोराव्हिया हा मध्य युरोपातला, आजच्या चेक देशातला एक भाग. तिथून शंभर-दीडशे वर्षांपूर्वी यांचे पणजोबा जमिनीच्या आशेने टेक्सासला आले आणि येताना चर्च, केक आणि गाणी घेऊन आले. मामांनी तिथे काम सुरू केलं तेव्हा गावातले म्हातारे आयुष्यभर कापसाची धूळ आणि तंबाखू ओढून बिघडलेली छाती घेऊन त्यांच्याकडे यायचे. फुफ्फुसात किती दम उरलाय हे पाहायला मामा त्यांना नळीत फुंकायला सांगत. म्हातारे नळीवर चिडत. एक दिवस वैतागून मामा एका आजोबांना म्हणाले, "नळी राहू द्या. एखादं गाणं म्हणता का? एका श्वासात किती होतं ते बघू." आजोबांनी त्यांच्या भाषेतलं एक गाणं म्हटलं. मामांनी लहानपणी पुण्यात पेटी शिकलेली होती. औषध कंपनीने दिलेल्या डायरीत त्यांनी सा-रे-ग-म मध्ये ते सूर उतरवले, जिथे दम तुटला तिथे लाल पेन्सिलीने उभी रेघ मारली आणि पुन्हा सूर लागायला किती सेकंद गेले ते रेघेच्या डोक्यावर लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात तेच गाणं पुन्हा. रेघा कमी झाल्या म्हणजे औषध लागू पडलं. वाढल्या म्हणजे घरच्यांना बोलवायची वेळ आली.

अशी बावन्न गाणी मामांच्या डायऱ्यांमध्ये आहेत. पेशंटची नावं लिहायची नाहीत हा नियम मामांनी कडक पाळला, त्यामुळे प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर नुसता खाटेचा नंबर. गाण्यांचे शब्द, त्यांचे अर्थ मामांनी कधी विचारले नाहीत. "मला सुरांशी मतलब होता," ते म्हणतात. "धाप लागलेल्या माणसाला अर्थ कुठे विचारत बसू?"

प्लेनोला आल्यावर, सत्तरीच्या उंबरठ्यावर, या माणसाने युफोनियम विकत आणलं. युफोनियम म्हणजे तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन फुंकायचं एक जाडजूड पितळी वाद्य, आवाज भरदार आणि घोगरा. पेटी सोडून हे का, असं मी विचारलं तेव्हा मामांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पेटीला भाता असतो. ती कधी दमत नाही. याला माणूस लागतो." मामा ते वाद्य व्हिडिओ पाहून शिकले. पहिल्या सहा महिन्यांत त्यांना सोसायटीचं पत्र आलं की आवारात गुरं पाळायला परवानगी नाही. मामांनी ते पत्र फ्रेम करून लावलं आणि सराव चालू ठेवला. गाडीतून जाताना युफोनियमला पुढच्या सीटवर बसवून पट्टा लावतात. मी मागे बसते.

मी या सगळ्यात आले ती पियानोमुळे. मुलीला पियानोच्या क्लासला सोडायला जाता जाता मीही शिकले, मुलीने सोडला, माझा राहिला. हे कळल्यावर मामांनी फोन केला. "सूनबाई, शनिवारी दुपारी तीनला ये. बेड चार करायचाय." पहिल्यांदा मला वाटलं मामांना नवी खाट जोडायची आहे, म्हणून मी नवऱ्याला आणि स्क्रू ड्रायव्हरला सोबत नेलं.

मामांची गाण्याची खोली घराच्या मागच्या बाजूला आहे. खिडकीला जाड पडदे. भिंतीवर डॉक्टरांकडे असतो तसा एक्स-रे बघायचा जुना दिव्याचा डबा, हॉस्पिटलने टाकून दिलेला मामांनी उचलून आणलेला. डायरीतली गाणी माझ्यासाठी पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवलेले कागद ते त्यावर लावतात. डब्याचा पांढरा उजेड कागदातून आरपार येतो, बाकी खोली अंधारी, आणि त्या उजेडात पाच ओळींच्या पट्ट्या बरगड्यांसारख्या दिसायला लागतात. त्यांच्यामधून लाल रेघा. समोर मामा, मांडीवर पितळ, त्याच्या चकाकीने चेहरा खालून उजळलेला. माझी मुलगी एकदा दारातून डोकावली आणि आल्या पावली मागे फिरली. तेव्हापासून ती विचारते, "आई, आजोबांचा डेड पीपल्स बँड आहे का आज?"

मामांनी गाणी बसवली ती त्यांच्या पद्धतीने. पियानोने तंबोऱ्यासारखं खाली दोन-तीन सूर धरून ठेवायचे. वरून युफोनियमने गाणं म्हणायचं, अगदी हळू. ती चाल काही वेळा आपल्या यमनसारखा चढा मध्यम घेऊन जाते आणि मग भलत्याच घरात शिरते, की अंगावर काटा येतो. आणि लाल रेघ आली की सगळं बंद. पियानोचे सूरही कापायचे, पाय पेडलवरून काढायचा. मामा ओठ वाद्यापासून बाजूला करत नाहीत, नुसते थांबतात, आणि आकडा असेल तितकेच सेकंद थांबतात. मी एकदा चुकून जरा लवकर सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला. "अडीच. बेड चारला अडीच लागायचे. त्याच्याआधी सुरू केलंस तर त्याचा जीव घेशील." मी म्हटलं, "मामा, तो माणूस जाऊन पस्तीस वर्षं झाली." मामा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच. आता घाई कशाला?"

त्या थांबण्याची मला भीती वाटायची. गाण्याच्या मधोमध खोली एकदम रिकामी व्हायची आणि वाटायचं, आता कोणीतरी श्वास घेणार. एका शनिवारी बेड नऊचं गाणं वाजवत असताना तिसऱ्या रेघेपाशी आम्ही थांबलो होतो, आणि मला श्वास घेतल्याचा आवाज आला. बारीक शिट्टी वाजावी तसा, ओला, लांबलेला. मी मामांकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते. एसी बंद होता, मीच बंद केला होता. मामांनी डोळे उघडले. "तुलाही आला का ऐकू?" मी मान हलवली. "बरं झालं," ते म्हणाले, "मला वाटत होतं माझं वय झालं." आणि रेघेच्या पुढून गाणं पुन्हा सुरू. त्या दिवशी घरी परत जाताना मी गाडीत रेडिओ लावला आणि दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या.

गेल्या वर्षी त्या गावातून एका नर्सबाईंचा फोन आला. मामांबरोबर त्यांनी काम केलं होतं. गावच्या हॉलमध्ये जुन्या मोराव्हियन कुटुंबांचं वार्षिक जेवण असतं, तिथे डॉक्टरांनी गाणी वाजवावीत. मामा इतके हरखले की त्यांनी नवीन टाय घेतला. आम्ही तीन तास दक्षिणेला गेलो, युफोनियम पुढे, मी मागे. हॉलच्या शेजारीच गावची स्मशानभूमी आहे. कार्यक्रमाला वेळ होता म्हणून मामा तिथे शिरले. भर दुपारचं ऊन, वारा नाही, दोन्हीकडे वेलांटीसारख्या खुणा डोक्यावर घेतलेल्या आडनावांचे दगड. मामा एकेका दगडापाशी थांबून मान लववत होते, लग्नाच्या मांडवात ओळखीचे भेटावेत तसे. "सगळे इथेच आहेत," ते मला म्हणाले. मग जरा ओशाळून, "डॉक्टर म्हणून काही अभिमानाची गोष्ट नाही म्हणा."

हॉलमध्ये दीडशे माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची. सॉसेज, बटाटे, फळांचा गर भरलेले गोड पाव. कोपऱ्यात एक जुना उभा पियानो, तीन पट्ट्या मुक्या. आम्ही बेड चारने सुरुवात केली. पहिल्या रेघेपाशी आम्ही थांबलो तसे हॉलमधले काटे-चमचे थांबले. दुसऱ्या रेघेला कोणी खोकलंसुद्धा नाही. मी पियानोवरून चोरून पाहिलं, तर समोरच्या रांगेतले म्हातारे आमच्याबरोबर श्वास धरून बसले होते, आणि युफोनियम सुरू झालं की सगळ्यांच्या छात्या एकदम हलत होत्या. मला वाटलं मामांना हे दिसलं असेल तर ते भरून पावले असतील.

मग बेड नऊ. पहिली रेघ. मी पाय पेडलवरून काढला. मामा थांबले. आणि त्या शांततेत हॉलच्या मागच्या बाजूने एका बाईचा आवाज आला. पातळ, म्हातारा, पण सुरात. रेघेमुळे तुटलेले मधले चार सूर तिने गायले आणि गप्प झाली.  मामांनी पुढचा तुकडा घेतला. दुसऱ्या रेघेला पुन्हा तोच आवाज. कोणी मागे वळून पाहिलं नाही. शेवटच्या सुरापर्यंत असंच चाललं, आणि शेवटचा सूर मामांनी, डायरीत होता तसा, खाली न आणता वरच ठेवला. तेव्हा ती बाई उभी राहिली.

ती आमच्यापर्यंत चालत आली. ऐंशीच्या घरातली, उंच, अंगात निळा ड्रेस. नाव अ‍ॅग्नेस. तिने मामांना विचारलं, "हे माझ्या वडिलांचं आहे, हो ना?"

"मी नावं लिहीत नसे," मामा म्हणाले.

"शेवटचा सूर सगळं गाव खाली आणतं. माझे वडील एकटेच वर ठेवायचे. आणि ते थांबणं. शेवटच्या उन्हाळ्यात बोलताना ते असेच थांबायचे. मी त्यांच्या उशाशी बसलेली असायचे."

मामांचा चेहरा उजळला. मला वाटतं तीस वर्षं ते या क्षणाची वाट पाहत होते. ते म्हणाले, "मी एक सेकंदही इकडचा तिकडे केलेला नाही."

"तेच तर," अ‍ॅग्नेसबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "डॉक्टर, हे नाचाचं गाणं आहे. एका माणसाची हंसीण पळून जाते आणि तो तिच्यामागे गावभर धावतो, असं गाणं आहे. माझे वडील आईला कमरेला धरून याच हॉलमध्ये यावर नाचायचे आणि नाचता नाचता गायचे. आख्खं कडवं एका श्वासात. तुम्ही गाणं नाही लिहून ठेवलंत. तुम्ही त्यांचा आजार लिहून ठेवलात."

 ज्या माणसाला आरतीतही गप्प राहवत नाही तो माणूस युफोनियम मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. परतीच्या तीन तासांत ते एकच वाक्य बोलले. "बावन्न, सूनबाई. बावन्न माणसं मी अशी ठेवलीत."

त्यानंतरचे तीन शनिवार फोन आला नाही. चौथ्या शनिवारी मी न बोलावता गेले. दिव्याचा डबा बंद, पडदे उघडे, खोलीत पहिल्यांदाच ऊन. मामा टेबलावर डायऱ्या पसरून बसले होते. वाळलेले दिसत होते. मी म्हटलं, "मामा, काही चुकीचं नाही केलंत तुम्ही. जे ऐकू आलं तेच लिहिलंत."

"हो, पण मी ती माणसं आजारी पडल्यावरच भेटलो ना," ते म्हणाले. "मला वाटलं ती तशीच आहेत." मग त्यांनी सांगितलं की ते रोज सकाळी अ‍ॅग्नेसबाईंना फोन करतात आणि बाई फोनवर गाणं म्हणतात, धावत्या लयीत, जसं होतं तसं. मामांनी ते नव्याने उतरवलं होतं. एकही लाल रेघ नाही.

"मग वाजवा की," मी म्हटलं.

मामा हसले. "एका श्वासात? नाही गं. मी रोज सकाळी दात घासायच्या आधी डायरीतलं हेच गाणं म्हणून बघतो. वर्षभर रेघा वाढतायत. औषध चालू आहे, घाबरायचं कारण नाही. पण छाती कुठल्या दिशेने निघालीये ते मला कळतं. आयुष्यभर तेवढंच तर कळत आलं."

मी खुर्चीत बसले. विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू श्वास धरून बसली असतीस. मग तुझंही वाजवणं बिघडलं असतं."

त्या दुपारी आम्ही नवीन बांधणी केली. कल्पना कोणाची ते आता आठवत नाही, बहुधा मामांचीच. युफोनियम थांबेल, जिथे बेड नऊ थांबायचा तिथे नाही, मामांना थांबावं लागेल तिथे. पण पियानो थांबणार नाही. डाव्या हाताने नाचाचा ठेका चालू ठेवायचा आणि मामांचा दम संपला की उजव्या हाताने चाल उचलायची, जराही खंड न पाडता, आणि ते परत आले की त्यांना परत द्यायची. कुठे दम संपेल हे आधी लिहिता येत नव्हतं. मला ते ऐकून ओळखावं लागायचं. सुरुवातीला मी सारखी चुकायचे, कधी त्यांच्या अंगावर जायचे, कधी मागे राहायचे. "कानाने नको, छातीने ऐक," मामा ओरडायचे. दोन महिन्यांनी मला यायला लागलं. मामांचा खांदा हलायच्या आधी मला कळायचं. आता नवराही झोपला की माझं लक्ष नकळत तिकडे जातं आणि मी स्वतःला आवरते.

हिवाळ्यात आम्ही पुन्हा त्या गावाला गेलो. या वेळी जेवण नव्हतं, लोक नव्हते. आठवड्याच्या मधल्या दिवसाची दुपार. अ‍ॅग्नेसबाईंनी हॉलची किल्ली मागून आणली होती. टेबलं घडी करून भिंतीला लावलेली, लाकडी जमीन मोकळी, उंच खिडक्यांतून फिकट ऊन तिरकं आत आलेलं. आमचा श्वास तोंडापुढे धुरासारखा दिसत होता. अ‍ॅग्नेसबाई खुर्ची घेऊन मधोमध बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून पियानोवर, मामा माझ्या डाव्या हाताला.

गाणं धावलं. मामा पहिल्या कडव्यात दोनदा थांबले, दुसऱ्यात चारदा, आणि मी प्रत्येक वेळी चाल उचलली आणि परत दिली. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर मी उचलली आणि परत द्यायची वेळ आली, तर ते घ्यायला आले नाहीत. युफोनियम जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. पण ठरलं होतं की पियानो थांबणार नाही, म्हणून मी वाजवत राहिले. मागून अ‍ॅग्नेसबाईंचा आवाज आला.

"त्यांनी शेवटची दोन वर्षं घरी गाणं सोडलं होतं, डॉक्टर. आई गेल्यावर. आम्हाला म्हणायचे, गाणं संपलं. पण तुमच्याकडे यायच्या दिवशी धुतलेला शर्ट घालायचे. मी विचारलं तर म्हणायचे, तो इंडियन डॉक्टर आज गायला लावेल. हे मी त्या दिवशी रागात सांगायचं विसरले."

मामा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. खुर्ची सरकली. मग जमिनीवर पावलं वाजायला लागली. मामा आयुष्यात कधी नाचलेले नाहीत, मामी शेवटपर्यंत त्यावरून चिडवायच्या. पावलं आधी अडखळली, एकमेकांवर आली, कोणीतरी हसलं, मग ठेक्यात पडली. मी कडवं संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं, कारण थांबा असं कोणी म्हणालं नाही. त्या लाकडी जमिनीवरून आवाज माझ्या पायांपर्यंत येत होता, जवळ येत होता, लांब जात होता, हॉलच्या दोन्ही टोकांकडून एकदम येत होता. दोन म्हाताऱ्या माणसांच्या मानाने पावलं मला फार वाटली. मान वळवून बघायचा मोह झाला. पण मी बघितलं नाही. हात चालू ठेवले आणि जेवढ्यांना नाचायचं होतं तेवढ्यांसाठी वाजवत राहिले.